लोरियाँहून गेलेल्या वस्तू

“तुमचे किती होते?” असे त्या गृहस्थांनी विचारले तेव्हा आम्ही दोघे फ्लोर नावाच्या पाणबुडीच्या पुढच्या टोकाला, टॉर्पेडोच्या नळ्यांसमोर उभे होतो. समोरून कोणी आले तर एकाने अंग चोरून बाजूला व्हावे, इतकी ती जागा अरुंद होती. फ्लोर आता समुद्रात जात नाही. ब्रिटनीच्या किनाऱ्यावरील लोरियाँ या बंदराच्या शहरात, केरोमानच्या प्रचंड बंकरला लागून, ती पाण्याबाहेर कायमची उभी आहे आणि तिकीट काढून कोणालाही तिच्या पोटातून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाता येते. गृहस्थ सत्तरीच्या पुढचे होते. तरुणपणी अशाच पाणबुडीवर नोकरी केल्याचे त्यांनी मला आधीच सांगितले होते, आणि एका झडपेच्या चाकावर हात ठेवून ते कोणत्या बाजूला फिरवायचे हेही दाखवले होते. मग त्यांनी माझे गाव विचारले. मुंबई म्हटल्यावर ते जरा थांबले आणि त्यांच्या मोडक्या इंग्रजीला माझ्या मोडक्या फ्रेंचची जोड देत म्हणाले, “हिच्या बहिणी तुमच्या समुद्रातही गेल्या होत्या. पाकिस्तानकडे.” मी फक्त “खुकरी” एवढेच म्हटले; १९७१च्या युद्धात पाकिस्तानी पाणबुडीने बुडवलेले आमच्या नौदलाचे ते जहाज. त्यांनी मान हलवली. नाव त्यांच्या ओळखीचे होते. त्यानंतर तो प्रश्न आला. मी म्हटले, एकशे चौऱ्याण्णव. त्यांनी तो आकडा स्वतःशी फ्रेंचमध्ये सावकाश उच्चारला आणि म्हणाले, “आमचे बावन्न. आणि दोन वर्षांनी सत्तावन्न.”

त्यांनी दिलगिरी व्यक्त केली नाही, आणि केली असती तर मला ती सहन झाली नसती. कोणाचे काही चुकले होते असा त्यांचा सूर नव्हता. एकाच रोगाने घरची माणसे गेलेल्या दोन कुटुंबांनी एकमेकांकडे चौकशी करावी तसा तो प्रश्न होता. तरीही तो माझ्या मनात रुतून बसला. बाहेर पडल्यावर झिमझिम पावसात धक्क्यावर उभी राहून मी कितीतरी वेळ त्या करड्या, निमुळत्या पाठीकडे पाहत होते. मला राग यायला हवा होता का, हे मला कळत नव्हते. ज्या यंत्राचे नाव आमच्या घरात कधी मोठ्याने घेतले जात नसे, त्याच्या सख्ख्या बहिणीच्या पोटात मी आत्ता एका भल्या माणसाशी बोलत उभी राहिले होते आणि तिथले पितळी चाक मलाही हात लावून पाहावेसे वाटले होते.

माझे वडील मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डमध्ये इंजिन फिटर होते. आम्ही कांजूरमार्गला, नौदलाच्या नागरी कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत राहत असू. संध्याकाळी जिन्यात बाबांच्या आधी त्यांच्या कपड्यांचा डिझेलचा आणि ग्रीसचा वास येई. समोरच्या दारातल्या काकूंचे थोरले भाऊ खुकरीवर इंजिनरूममध्ये होते. ९ डिसेंबर १९७१च्या रात्री दीवच्या किनाऱ्यापलीकडे काय घडले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडायला कसा नकार दिला, हे सगळे मला शाळेच्या पुस्तकाआधी त्या घरातून कळले. पण त्या घरात शौर्याची गोष्ट क्वचितच निघे. निघे ती पत्र्याच्या ट्रंकेची. काकूंची आई कोकणातल्या गावी होती. देह मिळाला नाही, तेव्हा दर्भाची प्रतिमा करून विधी उरकावेत असे भटजींनी आणि भावकीने सांगितले, परंतु म्हातारीने कितीतरी वर्षे ते होऊ दिले नाही. मुलगा गेल्याचे कोणी पाहिले आहे का, असे ती विचारत असे. मुलाने सुट्टीवर आला असताना ठेवलेली ट्रंक ती दर पावसाळ्यानंतर उघडून कपड्यांना ऊन दाखवी आणि पुन्हा घडी घालून ठेवी. ही गोष्ट काकूंनी मला सांगितली तेव्हा मी दहा-बारा वर्षांची असेन, आणि त्या पांढऱ्या गणवेशाच्या घड्या मला आजही डोळ्यांसमोर दिसतात.

खुकरी बुडवणारी हंगोर ही पाणबुडी फ्लोरच्याच, म्हणजे दाफने वर्गाची. ती याच ब्रिटनीत, लोरियाँहून वायव्येला असलेल्या ब्रेस्टच्या नौदल गोदीत बांधली गेली. जानेवारी १९६८मध्ये याच वर्गाची मिनेर्व ही फ्रेंच पाणबुडी तुलाँजवळ ५२ जणांसह नाहीशी झाली होती. मार्च १९७०मध्ये युरिडिस ५७ जणांसह गेली. मिनेर्वचे अवशेष सापडायला २०१९ साल उजाडले. समुद्राच्या तळाशी, दोन हजार मीटरहून अधिक खोल, तिचे तुकडे दिसले. म्हणजे पन्नास वर्षांहून अधिक काळ तिकडच्याही काही घरांत कोणी ना कोणी ट्रंका उघडून कपड्यांना ऊन दाखवत असणार. आणि ज्या खुकरीसाठी आम्ही रडलो, ती स्वतः इंग्लंडमधल्या आइल ऑफ वाइट या बेटावर बांधलेली होती. एक जहाज इंग्लंडच्या कारखान्यातले, एक पाणबुडी फ्रान्सच्या गोदीतली, आणि त्यांची गाठ पडली ती सौराष्ट्राच्या पाण्यात. ज्यांनी त्यांचे पत्रे जोडले त्यांना त्या रात्री बहुधा शांत झोप लागली असेल. त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. परंतु वस्तू एका किनाऱ्यावर तयार होते आणि तिची किंमत दुसऱ्याच किनाऱ्यावरची माणसे चुकवतात, हा विचार त्या धक्क्यावर एकदा मनात शिरला आणि मग लोरियाँमध्ये जिथे जाईन तिथे तो माझ्या आधी पोहोचू लागला.

केरोमानचा तळ एका नजरेत मावत नाही. फ्रान्स पडल्यावर अवघ्या काही दिवसांत, जुलै १९४०मध्ये, पहिली जर्मन पाणबुडी लोरियाँला लागली. पुढच्या वर्षापासून तिथे काँक्रीट ओतले जाऊ लागले. हजारो मजूर राबत होते आणि त्यांतले कितीतरी सक्तीने आणलेले होते. दोन वर्षांत तीन प्रचंड ठोकळे उभे राहिले. त्यांपैकी दोहोंमध्ये पाणबुडी पाण्यातून पाळण्यावर ओढून वर घ्यायची, रुळांवरून आडवी सरकवायची आणि कोरड्या दालनात नेऊन तिची दुरुस्ती करायची, अशी रचना होती. तिसऱ्यात ती थेट पाण्यातून आत शिरे आणि त्याच्या छताची जाडी काही ठिकाणी सात मीटरांहून अधिक आहे. आत गेल्यावर ओल्या सिमेंटचा थंड वास येतो आणि आपलाच आवाज कानांवर उशिरा परत येतो. मी भिंतीजवळ गेले तेव्हा मला तिच्यावर लाकडाच्या शिरा दिसल्या. सेंटरिंगसाठी लावलेल्या फळ्यांचे ठसे होते ते. गाठी, भेगा, खिळ्यांची डोकी, सारे काही काँक्रीटमध्ये जसेच्या तसे उमटलेले. एका ठिकाणी फळी जरा वाकडी बसली होती. ती ठोकणारा माणूस थकलेला असेल किंवा भुकेला असेल, किंवा त्याला ती मुद्दामच नीट बसवायची नसेल. इतक्या मोठ्या बांधकामात हाताची खूण म्हणून मला तेवढीच दिसली, आणि मी तिच्यावर बोट फिरवले.

हे छत भेदता येत नाही, हे दोस्त राष्ट्रांच्या लक्षात आले तोवर उशीर झाला होता. मग जानेवारी १९४३मध्ये निर्णय झाला की तळ मोडत नसेल तर तळाला पोसणारे शहर मोडावे. वीज, पाणी, रुळ, दुकाने, कामगारांची घरे यांतले काहीच उरू द्यायचे नाही. मध्य जानेवारीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत रात्रींमागून रात्री आगीचे बॉम्ब पडत राहिले. लोक हातात येईल ते घेऊन आसपासच्या खेड्यांत निघून गेले, आणि जवळजवळ संपूर्ण लोरियाँ जळून गेले. त्या वर्षी जर्मन नौदलाचे प्रमुख डोनिट्झ यांनी वरिष्ठांना सांगितले की लोरियाँ आणि सँ-नाझेर या शहरांत कुत्रे-मांजरही उरलेले नाही, उरले आहेत ते पाणबुड्यांचे निवारे. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये पाच टनांहून जड असे टॉलबॉय बॉम्ब थेट बंकरवर पडले, तरी छत टिकले. जर्मनीने शरणागती पत्करल्यानंतरही दोन दिवस इथली सेना ठाण मांडून होती. ती १० मे १९४५ रोजी शरण आली. हा तळ शहराने मागितला नव्हता. तो शहराच्या कुशीत आणून घातला गेला, आणि शहर त्याच्यापायी त्याच्याच मुक्तिदात्यांच्या हातून गेले. युद्धानंतर फ्रेंच नौदलाने तोच तळ १९९७पर्यंत वापरला. पाडायचा म्हटले तर त्याचा खर्च शहराला झेपणारा नव्हता. आता तिथे महासागर ओलांडणाऱ्या शर्यतीच्या शिडाच्या नौका दुरुस्त होतात. मी गेले तेव्हा एका ठोकळ्यासमोर काही तरुण मुले-मुली पिवळे रेनकोट घालून एका नौकेचा तळ पॉलिश करत होती आणि रेडिओवर गाणी लावली होती. मला ते मनापासून आवडले.

शहरात फिरताना जुने काही दिसत नाही, हे आधी वाचलेले असूनही डोळ्यांना त्याची सवय व्हायला वेळ लागतो. सरळ रस्ते, एकाच उंचीची फिक्या रंगाची घरे, मधल्या चौकात काँक्रीटचे चर्च. त्याच चौकाखाली युद्धकाळातला भूमिगत निवारा आहे. घरे उभी राहीपर्यंत अनेक कुटुंबे वर्षानुवर्षे लाकडी बराकींत राहिली. अशा शहरांना पर्यटक लवकर कंटाळतात आणि शेजारच्या दगडी गल्ल्यांच्या गावांकडे वळतात, परंतु मला लोरियाँ त्या सुबक गावांहून अधिक जवळचे वाटले. मेर्विलच्या गोल मंडईत सकाळी मासळीच्या गाळ्यांवर लांब नांग्यांची गुलाबी लांगुस्तीन अजून हलत होती आणि विकणारी बाई मापात टाकताना त्यांतली मेलेली शोधून बाजूला काढत होती. मालाच्या ताजेपणाबद्दलचा तिचा तो अभिमान मला भाऊच्या धक्क्यावरच्या कोळणींमुळे चांगला ओळखीचा होता. या बायकांच्या आज्या जळत्या शहरातून बाहेर पडल्या होत्या आणि परत येऊन त्यांनी याच जागी पुन्हा पाट मांडले.

लोरियाँमधली जी गोष्ट मी सर्वांत जास्त वेळा मनात घोळवली, ती जाक स्टॉस्कॉफ यांची आहे. ते इथल्या नौदल गोदीत वरिष्ठ अभियंता होते आणि मूळचे अल्सेसकडचे असल्यामुळे त्यांना जर्मन उत्तम येत असे. जर्मन आल्यावर ते त्यांच्याशी इतके मिळून-मिसळून वागले की गोदीतले कामगार त्यांच्याकडे पाहून तोंड फिरवत. केरोमानच्या आत ज्या मोजक्या फ्रेंच माणसांना प्रवेश होता त्यांत ते होते. कोणती पाणबुडी आली, कोणती गेली, कोणाला किती इजा झाली, हे सगळे ते डोक्यात साठवून गुप्तपणे दोस्तांकडे पोहोचवत होते. फेब्रुवारी १९४४मध्ये त्यांना अटक झाली आणि १ सप्टेंबरला नात्स्वाइलरच्या छळछावणीत त्यांना ठार मारण्यात आले. ते कोण होते हे गावाला कळले ते युद्ध संपल्यावर, आणि मग तोच बंकर त्यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. मी विचार करते तो त्या साडेतीन वर्षांचा. रोज सकाळी फाटकातून आत जाताना आपल्याच माणसांच्या डोळ्यांतला तिरस्कार त्यांनी सोसला आणि घरी येऊन कोणाला एक शब्द सांगितला नाही. शौर्याचा हा प्रकार मुल्ला यांच्या शौर्याहून वेगळा आहे; त्याला साक्षीदार नसतात. माझे बाबा डॉकयार्डच्या फाटकातून तीस-पस्तीस वर्षे आत-बाहेर करत होते, म्हणून असेल कदाचित, पण मला त्या फाटकावरचा स्टॉस्कॉफ यांचा चेहरा दिसतो.

दुसऱ्या दिवशी मी बोटीने खाडीपलीकडे पोर-लुईला गेले. बोट सुटते तो धक्का शहराच्या मध्यात शिरलेल्या पाण्याला लागून आहे आणि त्याचे नाव ‘इंडियाचा धक्का’ असेच आहे, कारण हे शहर मुळात आपल्याकडच्या व्यापारासाठीच वसवले गेले. १६६६मध्ये फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीने स्कॉर्फ नदीच्या मुखाशी जहाजे बांधायला जागा घेतली. तिथल्या पहिल्या मोठ्या जहाजाच्या, ‘सोलेय दोरियाँ’च्या नावावरून वस्तीला नाव पडले. ते जहाज १६८१मध्ये सयामच्या राजाच्या वकिलातीसह मादागास्करच्या बाजूला बुडाले. आपल्याकडे त्या सुमारास महाराजांच्या दक्षिण दिग्विजयात पाँडिचेरीच्या फ्रांस्वा मार्तँनी वकील पाठवून वखारीसाठी अभय मिळवलेले होते. त्या वखारीत गोळा झालेले कापड, मिरी, सोरा हे सगळे सहा-सहा महिने समुद्रातून येऊन या खाडीत उतरे. १७४६च्या सप्टेंबरमध्ये सँ-मालोच्या ला बूर्दोने या फ्रेंच सेनानीने इंग्रजांचे मद्रास जिंकले आणि पुढच्याच महिन्यात इंग्रज फौज कंपनीची गोदामे जाळायला लोरियाँच्या वेशीवर येऊन ठेपली. तत्त्वचिंतक डेव्हिड ह्यूम त्या मोहिमेत सेनापतीचे सचिव म्हणून हजर होते. शहर शरण जाण्याच्या बेतात असतानाच इंग्रज माघारी फिरले, आणि त्या सुटकेची आठवण म्हणून चर्चला विजयमातेचे नाव मिळाले. आज चौकात आहे ते काँक्रीटचे चर्च तेच नाव धारण करते.

पोर-लुईचा किल्ला स्पॅनिशांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधायला घेतला आणि फ्रेंचांनी पुरा केला. आत कंपनीचे संग्रहालय आहे. जहाजांच्या प्रतिकृती, चिनी मातीची ताटे, आणि मग मंद प्रकाशात, काचेमागे, कारोमांडलच्या किनाऱ्यावरचे कापड. एका पडद्यावर खडकातून उगवलेला जीवनवृक्ष होता. त्याच्या प्रत्येक फांदीला वेगळे फूल, प्रत्येक फुलाला आधी मेणाने राखलेली पांढरी कड, तांबडा आणि निळा रंग अजून ओलसर वाटावा इतका खोल. जवळ वाकून पाहिले तर एका पानाची रेघ शेवटी किंचित थरथरलेली दिसली. या छिटांनी फ्रान्सला इतके वेड लावले की तिथल्या विणकरांना वाचवण्यासाठी १६८६पासून १७५९पर्यंत सरकारला या कापडावर बंदी घालावी लागली. हे वाचताना मान ताठ होते, हे मी लपवणार नाही. कोणा नाव नसलेल्या कारागिराची रेघ अडीचशे वर्षांनंतर इथे काळजीने, ठरावीक उजेडात जपून ठेवलेली पाहून डोळे भरून आले.

पुढच्या दालनात निळे कापड होते.

पाँडिचेरीच्या आसपास विणलेले, निळीत पुन्हा पुन्हा बुडवलेले ते साधे सुती कापड. नक्षी नाही, फूल नाही, आणि दिसायला त्या जीवनवृक्षापुढे काहीच नाही. ते युरोपात नेसण्यासाठी नव्हते. फ्रेंच व्यापारी त्याला ‘गिनी’ म्हणत, कारण ते पुढे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाई. सेनेगालच्या बाजारात ते जवळजवळ चलनासारखे चालत असे. त्याच्या बदल्यात डिंक मिळे, आणि माणसेही मिळत. लोरियाँहून निघालेली कंपनीची जहाजे गोरे बेटाकडे आणि सँ-लुईकडे असे कापड भरून जात, तिथे माणसे भरत आणि ती अटलांटिकपलीकडे लुइझियानात किंवा सँ-दोमिंगमध्ये विकत. ज्याने ते कापड विणले त्याला यातले काहीच ठाऊक नसणार. त्याला मिळालेला पैसा कमी होता, दलालाने त्यातूनही काही कापले असेल, आणि निळीच्या हौदात उभे राहून त्याच्या घरच्यांचे पाय कायमचे निळे झाले असतील. तरीही मला त्याच्या हातांपाशी थांबावे लागले. ब्रेस्टच्या गोदीत पत्रा जोडणारे हात मी आदल्या दिवशी डोळ्यांसमोर आणले होते. आता पाँडिचेरीच्या मागावरचे हात त्यांच्या शेजारी येऊन बसले. आपल्या वस्तूंनी जग जिंकले एवढेच आपण आजवर सांगत आलो आहोत. त्या वस्तू कुठे उतरल्या आणि त्यांच्या बदल्यात कोण चढवले गेले, हेही आपल्या कापडाच्या इतिहासात लिहिले पाहिजे, असे मला तेव्हापासून तीव्रतेने वाटते.

किल्ल्याबाहेर पडताना वाटेत एक स्मारक लागते. १९४४च्या उन्हाळ्यात जर्मनांनी इथे प्रतिकार चळवळीतल्या ६९ तरुणांना गोळ्या घालून एकाच खड्ड्यात पुरले होते आणि तो खड्डा १९४५च्या मे महिन्यात उघडण्यात आला. मी पाटीवरची वये वाचायला लागले आणि थोड्या वेळाने पुढे वाचवेना. ज्यांचे देह सापडले त्यांच्याही आया होत्या, आणि सापडल्याने त्यांचे दुःख हलके झाले असेल असे मानायला माझे मन धजत नाही. पण निदान त्यांना कोणाला विचारत बसावे लागले नाही.

संध्याकाळी बाबांना फोन केला. मी फ्लोरमध्ये जाऊन आल्याचे सांगितल्यावर त्यांनी आधी काही विचारले नाही. मग म्हणाले, “अगं, इंजिन कुठलं होतं? पीलस्टिक?” मी होय म्हटले. दाफने वर्गाची डिझेल इंजिने त्याच घराण्यातली. बाबा म्हणाले, “मग ऐक. जुनी खुकरी गेल्यावर माझगावला नवी खुकरी बांधली ना, एकोणनव्वदला आली ती? तिचीही इंजिनं पीलस्टिकच. किर्लोस्करांनी इथं बांधलेली. मी स्वतः उघडली आहेत ती.” त्यांच्या आवाजात आश्चर्य नव्हते, की कडवटपणाही नव्हता, चांगल्या इंजिनाबद्दल फिटर बोलतो तसे ते बोलत होते. मी म्हटले, “बाबा, तुम्हाला तेव्हा काही वाटलं नाही?” ते म्हणाले, “वाटलं. पण त्या इंजिनावर आपली पोरं समुद्रात जाणार होती. ते नीट चालायला हवं होतं.” पुढे त्यांनी माझगावच्या नव्या पाणबुड्यांचा विषय काढला. कलवरीपासून वागशीरपर्यंत सहा, फ्रेंच आराखड्याच्या, पण जोडलेल्या आपल्या माणसांनी. त्यांचा अभिमान मला फोनमधूनही जाणवत होता आणि तो माझ्यातही होता. त्या पाणबुड्यांच्या नळ्यांसमोर कोणाची तरी मुले असतील, हे मी त्यांना बोलून दाखवले नाही. त्यांना ते माझ्याआधीपासून ठाऊक असणार.

ती नवी खुकरी डिसेंबर २०२१मध्ये सेवेतून निवृत्त झाली आणि दीवच्या प्रशासनाकडे सोपवण्यात आली. हंगोर कराचीच्या सागरी संग्रहालयात आहे. फ्लोर लोरियाँला. त्या गृहस्थांना मी हे सांगितले असते तर त्यांनी बहुधा या तिन्ही ठिकाणांची नावे लिहून घेतली असती. तिन्ही ठिकाणी मुलांना आत नेऊन झडपा दाखवाव्यात आणि बाहेर येताना तिन्ही बाजूंचे आकडे सांगावेत, अशी माझी इच्छा आहे. निव्वळ आपल्या बाजूचा सांगू नये.

मुंबईला परतल्यावर डोंबिवलीला काकूंकडे गेले. त्यांनी वयाची पंचाहत्तरी ओलांडली आहे, गुडघे दुखतात, पण स्मरण खणखणीत आहे. मी भीत भीत विषय काढला. दोन-तीन वाक्ये ऐकून त्यांनी हात वर केला. “पाणबुडीचं मला नको सांगूस,” त्या म्हणाल्या, “तू बघितलीस, बरं झालं. मला नाही ऐकायचं.” मला माझ्या इच्छेचा उतावळेपणा जाणवला आणि त्यांच्या नकाराचा मान राखावासा वाटला. मी निळ्या कापडाचे सांगितले, ते मात्र त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि गप्प राहिल्या. चहा झाल्यावर त्यांनीच विचारले, “दीवला जायला गाडी कुठून गं?” मी म्हटले, वेरावळपर्यंत रेल्वे, तिथून पुढे रस्त्याने. इतक्या वर्षांत त्या तिथे गेल्या नव्हत्या. काचेच्या घरातली खुकरीची प्रतिकृती त्यांनी वर्तमानपत्रातच पाहिली होती. “डिसेंबरात नको,” त्या म्हणाल्या, “तेव्हा समारंभ असतो, माणसं असतात. मला गर्दीत नाही जायचं. आईची ती ट्रंक माझ्याकडे आहे, त्यातला एक शर्ट न्यायचाय.” फेब्रुवारीची तिकिटे काढली आहेत. बाबाही येतो म्हणतात; त्यांना नव्या खुकरीची इंजिने कशी ठेवली आहेत ते पाहायचे आहे.